आकाशातली वीज आणि आमची गच्ची

आपल्या सिल्वासात राहणाऱ्यांना दोन गोष्टींची सवय होऊन जाते. एक, जून ते सप्टेंबर कोसळणारा पाऊस, आणि दुसरी, रात्री तीन वाजताही ऐकू येणारी यंत्रांची घरघर. देशातील राज्ये आणि केंद्रशासित प्रदेश यांची दरडोई वीजवापराची यादी निघते तेव्हा आपली चिमुकली दादरा-नगर हवेली वर्षानुवर्षे सर्वात वर दिसते. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे हे ऐकून चकित होतात. त्यांना वाटते, इथे घरोघरी एसी चालत असणार! खरे कारण कारखाने. धागा, प्लास्टिक, तारा, पॅकिंग असे नाना तऱ्हेचे कारखाने चोवीस तास वीज खातात, आणि त्या विजेला इथल्या थोड्या लोकसंख्येने भागले की आकडा फुगतो. ही वीज जवळजवळ सगळी बाहेरून येते. हवेलीत स्वतःचे मोठे वीजकेंद्र नाही.

मी मूळचा जळगावकडचा. १९९४ साली इथल्या एका धागा कारखान्यात इलेक्ट्रिकल विभागात लागलो आणि सव्वीस वर्षांनी तिथूनच निवृत्त झालो. आमच्याकडे टेक्सचरायझिंगची यंत्रे होती. पॉलिएस्टरचा सपाट धागा तापवायचा, ताणायचा, पिळायचा आणि त्याला लोकरीसारखा फुगवटा आणायचा, हे त्यांचे काम. एका यंत्रावर दोनशेहून जास्त पोझिशन, म्हणजे दोनशेहून जास्त धागे एकाच वेळी पळत असतात. वीज एक सेकंदभर नुसती लचकली तरी सगळे धागे एकदम तुटतात. मग प्रत्येक धागा हाताने पुन्हा ओवायचा. एका यंत्राला दोन-तीन तास, आणि यंत्रे डझनभर! पहिल्या पावसात वीज कडाडली की आमच्या पोटात गोळा यायचा तो विजेच्या भीतीने नव्हे, त्या ओवण्याच्या भीतीने. ‘वीज आहे’ आणि ‘वीज सतत आहे’ यांतला फरक मी असा हाताने शिकलो आहे.

हे सगळे सांगायचे कारण म्हणजे आमच्या सोसायटीत उठलेला एक प्रश्न. आमची इमारत २४ घरांची. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे यांचे सामाईक बिल वाढत चालले होते, म्हणून गच्चीवर सौर पॅनेल बसवावेत असा विचार निघाला. आम्हाला मिळालेल्या दरपत्रकाप्रमाणे २० किलोवॅटला दहा लाख रुपये खर्च होता. ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान मिळते, म्हणजे ३ लाख ६० हजार वजा. उरलेले ६ लाख ४० हजार २४ घरांत वाटले तर प्रत्येकी सुमारे २७ हजार रुपये.

सभेत तिसऱ्या मजल्यावरचे एक काका मोबाईल वर करून म्हणाले, “अहो, आता अंतराळातून वीज येणार आहे. उपग्रहावर पॅनेल, तिथून थेट खाली वीज. रात्रीसुद्धा! मग गच्चीवर पैसे कशाला घालायचे? चार-पाच वर्षे थांबू.” काही जण हसले, काहींनी माना डोलावल्या. सभा संपल्यावर तळमजल्यावरच्या मावशी माझ्याजवळ आल्या. त्या एकट्या राहतात, फॅमिली पेन्शनवर. २७ हजार म्हणजे त्यांची जवळपास तीन महिन्यांची पेन्शन. त्या हळूच म्हणाल्या, “भाऊ, तुम्ही विजेतले. आकाशातून वीज येणारच असंल तर थोडं थांबलं तर चालंल का?”

काकांना उत्तर देणे सोपे होते, मावशींना देणे अवघड. ‘छे, सगळ्या थापा!’ असे म्हणणे खोटे ठरले असते, कारण ही कल्पना थाप नाही. ‘हो, थांबा’ म्हणायला माझ्याकडे आधार नव्हता. माझी भाची पुण्यात इलेक्ट्रॉनिक्स शिकते. ती सुट्टीत आली होती. आम्ही मामा-भाची कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि हिशेब मांडला. तोच इथे देतो आहे, कारण मंडळातल्या इतरांच्या मोबाईलवरही ती बातमी फिरत असणारच.

पहिली गोष्ट, कल्पना काय आहे? वातावरणाच्या बाहेर एका चौरस मीटरवर सूर्याची सुमारे १,३६१ वॅट ऊर्जा पडते. आपल्या घरावरची डीटीएचची छत्री ज्या उपग्रहाकडे तोंड करून असते, तो विषुववृत्ताच्या वर ३६ हजार किलोमीटरवर असतो आणि पृथ्वीबरोबरच फिरत असल्यामुळे आपल्याला एकाच जागी दिसतो. त्या उंचीवर रात्र जवळजवळ नाहीच. मार्च आणि सप्टेंबरच्या आगेमागे काही आठवडे मध्यरात्रीच्या सुमारास पृथ्वीची सावली आड येते, तीही जास्तीत जास्त सत्तर मिनिटे. म्हणजे तिथे दिवसाला चौरस मीटरमागे ३२ युनिटांइतके ऊन मिळते. आपल्या भागात रात्र, ढग आणि पावसाळा धरून वर्षाची सरासरी काढली तर ते दिवसाला पाच युनिटांच्या आसपास येते. सहापट फरक!

पण वरची वीज खाली आणायची कशी? ३६ हजार किलोमीटरची केबल तर टाकता येत नाही. म्हणून तिचे सूक्ष्मलहरींत, म्हणजे घरातल्या मायक्रोवेव्हमध्ये असतात तशा लहरींत, रूपांतर करायचे, त्यांचा झोत जमिनीवर सोडायचा आणि खाली अँटेनाच्या जाळीने तो पकडून पुन्हा वीज करायची. या दोन रूपांतरांत बरीच ऊर्जा वाया जाते. १९७५ साली अमेरिकेत प्रयोगशाळेत वीज ते लहरी ते वीज असा पूर्ण प्रवास मोजला होता, त्यात ५४ टक्के वीज हाती लागली होती. म्हणजे सहापटीचे राहिले तिप्पट. वरचे पॅनेल आपल्या गच्चीवरच्या पॅनेलच्या सुमारे तिप्पट वीज देईल, आणि रात्रीही देईल. हा तिप्पटीचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट, हे कोणी करून पाहिले आहे का? हो, आणि बऱ्याच आधीपासून. पीटर ग्लेझर या अमेरिकेत स्थायिक झालेल्या अभियंत्याने १९६८ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात ही योजना मांडली. त्याआधीच, १९६४ साली, विल्यम ब्राऊन यांनी जमिनीवरून सोडलेल्या सूक्ष्मलहरींवर एक छोटे हेलिकॉप्टर उडवून दाखवले होते. १९७५ साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे एका मोठ्या अँटेनातून दीड किलोमीटर दूरच्या जाळीवर झोत सोडला. तिथे ३० किलोवॅटहून जास्त वीज मिळाली आणि दिव्यांची रांग उजळली. आमची लिफ्ट, पंप आणि सगळे जिने त्यात सहज चालले असते.

आपल्याकडे डॉ. अब्दुल कलाम यांना हा विषय जिव्हाळ्याचा होता. २०१० च्या नोव्हेंबरमध्ये त्यांनी अमेरिकेतील नॅशनल स्पेस सोसायटीबरोबर अंतराळातील सौरऊर्जेसाठी एक संयुक्त उपक्रम जाहीर केला होता. आणि काकांच्या मोबाईलवर फिरणाऱ्या बातमीचे मूळही खरे आहे. कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये एक छोटे प्रायोगिक यान पाठवले. त्यावरच्या प्रक्षेपकाने यानातच फूटभर अंतरावरचे छोटे दिवे पेटवले, आणि पृथ्वीकडे सोडलेला झोत संस्थेच्या इमारतीच्या गच्चीवर टिपला गेला. अंतराळातून पाठवलेली ऊर्जा पृथ्वीवर ओळखता आली, ही मोठीच गोष्ट. फक्त ती ओळखता येण्याइतकीच होती. तिच्यावर दिवा लागला नसता.

इथे भाचीने एक छान प्रश्न विचारला. “मामा, डीटीएचचा उपग्रहही तिथूनच लहरी पाठवतो. मग त्यात आणि यात फरक काय?” मी म्हटले, फरक निरोप आणि भाकरी यांचा. निरोप हळू आवाजात दिला तरी पोचतो. उपग्रहाचा सिग्नल सगळ्या भारतभर पसरतो, आपल्या छत्रीला त्यातला अगदी सूक्ष्म अंश मिळतो, आणि तेवढ्यावर टीव्ही दिसतो. भाकरी मात्र जेवढी निघाली तेवढी ताटात पोचली पाहिजे. वीज भाकरीसारखी आहे. झोत पसरला की संपले.

आणि झोत पसरतोच. टॉर्चचा उजेड लांबच्या भिंतीवर पसरतो तसा. याला कारागिरीचा दोष म्हणता येत नाही, तो लहरींचा स्वभाव आहे. पाठवणारी तबकडी जेवढी मोठी तेवढा खालचा ठिपका लहान, तबकडी लहान तर ठिपका मोठा. बारा सेंटिमीटरची लहर आणि ३६ हजार किलोमीटरचे अंतर धरले, तर एक किलोमीटर व्यासाच्या तबकडीने खाली सुमारे दहा किलोमीटरचा ठिपका पडतो. स्वस्तात भागवावे म्हणून तबकडी शंभर मीटरची केली, तर ठिपका शंभर किलोमीटरचा! सिल्वासा मध्यभागी धरले तर वलसाडपासून डहाणूपर्यंत सगळे त्यात येईल आणि कोणाच्याच वाट्याला कामाचे काही येणार नाही. लेसर वापरला तर ठिपका लहान करता येतो, पण लेसर ढगातून पार होत नाही, म्हणजे आपल्याला चार महिने सुट्टी.

भाचीला वाटले, एक मोठी तबकडी करण्याऐवजी लहान लहान अँटेना दूरदूर ठेवून एकत्र चालवता येतील. ती नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण पाहून आली होती. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेल्या त्या दुर्बिणीत ४५ मीटरच्या ३० तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरल्या आहेत आणि त्या मिळून एका मोठ्या दुर्बिणीसारखे काम करतात. कॅलटेकच्या यानावरही अनेक लहान प्रक्षेपकांचा ताल जुळवूनच झोत वळवला होता. पण आकाशातले ऐकणे वेगळे आणि वीज पाठवणे वेगळे. पाठवताना अँटेनांमध्ये मोकळी जागा सोडली, तर मधला ठिपका बारीक होतो खरा, पण तेवढीच ऊर्जा आजूबाजूला सांडते. सबंध किलोमीटरभर जागा अँटेनांनी भरावीच लागते. इथे पळवाट नाही.

१९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने आणि नासाने या विषयाचा मोठा अभ्यास केला. त्यातला नमुना उपग्रह ५ हजार मेगावॅटचा होता, आणि त्यांच्या अक्षांशावर जमिनीवरची जाळी १० बाय १३ किलोमीटरची लंबगोल येत होती. आपण विषुववृत्ताच्या अधिक जवळ, म्हणून आपल्याला १० बाय ११ पुरेल. हवेलीचा नकाशा काढून आम्ही त्यावर तो लंबगोल ठेवून पाहिला. आपले एकूण क्षेत्र ४९१ चौरस किलोमीटर. जाळीला लागणार साधारण ८६, म्हणजे सहावा हिस्सा. सिल्वासाहून खानवेलला निघालात तर निम्मा रस्ता संपेपर्यंत एका बाजूला जाळीच जाळी. त्याच भागात वारली, कोकणा, धोडिया कुटुंबांची शेते आहेत, पाडे आहेत, साग आहे. मधुबन धरणात ज्यांची गावे गेली, त्यांच्या घरी जाऊन पुन्हा एकदा ‘देशासाठी जमीन’ मागायला कोण जाणार?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब खोटा होईल. ८६ चौरस किलोमीटर म्हणजे सुमारे २१ हजार एकर. साधे सौरउद्यान उभारायचे तर एका मेगावॅटला चार-पाच एकर लागतात. म्हणजे तेवढ्याच जमिनीवर साडेचार-पाच हजार मेगावॅटचे सौरउद्यान मावेल. आकडा सारखाच दिसतो! पण सौरउद्यान तेवढी वीज फक्त भर दुपारी देते, वर्षाची सरासरी काढली तर तिचा पाचवा हिस्सा. आकाशातून येणारी वीज रात्री दोनलाही तेवढीच असेल. शिवाय जाळी विरळ असते, तिच्यातून ऊन खाली झिरपते आणि खाली गवत किंवा पीक घेता येते. आणि आपल्यासाठी सर्वात महत्त्वाचे म्हणजे पाऊस. जोराच्या सरीत डीटीएचचे चित्र थिजते, कारण त्या लहरी अडीच सेंटिमीटरच्या असतात आणि पावसाचे थेंब त्यांना शोषतात. बारा सेंटिमीटरच्या लहरीला थेंबांचे फारसे काही वाटत नाही. मोबाईल नाही का मुसळधार पावसात चालत? दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या आपल्या गावाला हे आकर्षक आहे, नाही म्हणायचे कारण नाही. माझ्यासारख्या, सेकंदभराच्या लचक्याने रात्र घालवलेल्या माणसाला तर फारच.

मग झोताखाली माणसे भाजतील का? मावशींनी हेही विचारले होते. त्या अमेरिकन आराखड्यात झोताच्या मध्यभागी चौरस मीटरला २३० वॅट धरले होते, म्हणजे दुपारच्या उन्हाच्या पाव भागाहूनही कमी. वरून जाणारा पक्षी भाजून खाली पडेल, असे नाही. झोत भरकटू नये म्हणून जमिनीवरून एक मार्गदर्शक सिग्नल वर पाठवत राहायचा आणि तो तुटला की झोत आपोआप विस्कटून निरुपद्रवी व्हावा, अशी रचनाही त्यात आहे. पण ऊन आणि सूक्ष्मलहरी यांची तुलना वॅटांपुरतीच. जाळीच्या कडेला चौरस मीटरला १० वॅट राहतील असा हिशेब होता. आपल्या सरकारने २०१२ साली मोबाईल टॉवरसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश, म्हणजे अशा लहरींना चौरस मीटरला १ वॅट, अशी मर्यादा घातली. म्हणजे कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसाला टॉवरच्या मर्यादेच्या दहापट! इमारतीवर टॉवर नको म्हणून सह्या गोळा करणारे आपण हे कसे मान्य करणार? कुंपण आणखी दूर न्यावे लागेल, म्हणजे आणखी जमीन.

आता खर्च. त्या ५ हजार मेगावॅटच्या उपग्रहाचे वजन ३० हजार टनांहून जास्त होते. आपल्या इस्रोचे सर्वात ताकदवान रॉकेट एलव्हीएम-३ त्या उंचीकडे जाणाऱ्या कक्षेत सुमारे चार टन नेते. म्हणजे साडेसात हजार उड्डाणे. दर आठवड्याला एक सोडले तरी १४४ वर्षे लागतील. नवी, पुन्हा वापरता येणारी प्रचंड रॉकेटे हे चित्र बदलत आहेत आणि नवे आराखडे वजनाला हलकेही आहेत. म्हणून आम्ही ताजा हिशेब शोधला. नासाने जानेवारी २०२४ मध्ये एक अहवाल दिला. २०५० साली चालू होतील असे दोन आराखडे धरून त्यांनी युनिटचा खर्च काढला. एकाचा ६१ सेंट, दुसऱ्याचा १ डॉलर ५९ सेंट. त्या वेळच्या दराने सुमारे ५० रुपये आणि १३० रुपये! जमिनीवरच्या इतर अक्षय ऊर्जेपेक्षा हा खर्च १२ ते ८० पट. प्रक्षेपण स्वस्त झाले, यंत्रे जास्त वर्षे टिकली, बनवण्याचा खर्च उतरला, अशा अनेक गोष्टी एकदम जमल्या तर हा आकडा खूप खाली येऊ शकतो, हेही त्याच अहवालात आहे. पण आपला तिप्पटीचा आकडा आठवा. वरचे पॅनेल तिप्पट वीज देते. ते तिथे नेऊन चालवण्याचा खर्च तिपटीच्या आसपास उतरला, तर बरोबरीचा सामना. रात्रीच्या विजेचा फायदा धरून, खालच्या बॅटरीचा खर्च मिळवून, आणखी थोडी सूट द्या. तरी आज ती जवळपास नाही.

हा सगळा कागद भरल्यावर मला एक गोष्ट स्वच्छ दिसली, आणि ती पैशाहून मोठी वाटते. आकाशातल्या विजेची सुरुवात लहान करता येत नाही. लहरींचा नियमच तसा आहे. पन्नास किलोवॅटचा छोटा उपग्रह सोडून बघू, चालला तर वाढवू, असे म्हणता येत नाही. एक किलोमीटरची तबकडी आणि दहा किलोमीटरची जाळी हा अगदी पहिला हप्ता आहे, आणि पहिले युनिट हाती येण्याआधी तो संपूर्ण भरावा लागतो. शिवाय एका उपग्रहाची वीज हवेली आणि दमण मिळून आज जेवढी मागणी आहे तिच्या काही पट. म्हणजे ते काम एका गावाचे नाही, एका राज्याचेही नाही. ते देशांनी मिळून करायचे, आणि ते कधी करायचे हे ठरवताना सिल्वासातल्या मावशींना कोणी विचारणार नाही.

गच्चीवरचे पॅनेल याच्या नेमके उलट. एक बसवा, चार बसवा, पुढच्या वर्षी आणखी दोन. याचे उदाहरण आपल्याच घरात आहे. २०२० पासून दीव आणि आपण एकाच केंद्रशासित प्रदेशात आहोत. दीव आपल्या विजेपैकी ७३ टक्के वीज गुजरातकडून घेत असे. तिथे ५० हेक्टर खडकाळ, पडीक जमिनीवर ९ मेगावॅटचे सौरउद्यान झाले, ७९ सरकारी इमारतींच्या गच्च्यांवर पॅनेल बसले, लोकांना घरांसाठी अनुदान दिले गेले. २०१८ पर्यंत दीव दिवसाची सगळी गरज सौरऊर्जेवर भागवू लागले. दीवमध्ये आपल्यासारखे कारखाने नाहीत, हे खरे. आपल्या धाग्याच्या यंत्रांना तेवढ्याने काही होणार नाही. पण जिन्यातल्या दिव्याला होते.

मावशींना मी सांगितले ते असे. “मावशी, आकाशातली वीज खोटी नाही, पण ती आली तरी या इमारतीच्या जिन्यात यायला तुमची-माझी हयात पुरायची नाही. तिच्यासाठी थांबू नका. पण २७ हजारही एकदम देऊ नका.” पुढच्या सभेत मी २० ऐवजी १० किलोवॅटपासून सुरुवात करा, असे सुचवले. खर्च पाच लाख, अनुदान १ लाख ८० हजार, प्रत्येक घराला सुमारे १३ हजार ३००, आणि ज्यांना हवे त्यांना दहा हप्ते. काकांनी आधी थोडी कुरकुर केली, पण हिशेब वाचून पहिला चेक त्यांनीच दिला, हे मोकळेपणाने सांगतो. वर ऐकवलेही, “आकाशातली आली की ही पॅनेल तुम्ही उतरवून द्यायची!”

गेल्या हिवाळ्यापासून आमची पॅनेल चालू आहेत. उघडीप असली की दिवसाला चाळीसच्या आसपास युनिट मिळतात, आणि लिफ्ट, पंप, दिवे मिळून पंचेचाळीस-पन्नास लागतात. जुलैत आकडा निम्म्यावर येतो, सलग चार दिवस अंधारून आले तर त्याहूनही खाली. रात्रीची वीज आपली नेहमीचीच. पॅनेल लावू इच्छिणाऱ्यांनी पावसाळ्याचा हा आकडा आधीच धरावा, विक्रेत्याच्या कागदावर तो ठळक अक्षरांत नसतो. वर्षातून चार-सहा वेळा पुसून घ्यावीत, कारण आपल्याकडे कारखान्यांची धूळ बसते. आणि गच्चीवर पापड-कुरडया वाळवायला दक्षिणेकडची एक पट्टी मोकळी ठेवावी, नाहीतर सभेत बहुमत मिळत नाही!

राहिला प्रश्न यंत्रांचा. चार महिने ढग आणि बारा महिने रात्रपाळी असलेल्या गावाला गच्चीवरची वीज पुरणार नाही, हे मला कोणी शिकवायला नको. त्यासाठी बॅटऱ्या, वारा, पाणी, तारापूर-काकरापारसारखी अणुकेंद्रे, आणि पुढे कधीतरी आकाशसुद्धा, असे अनेक आधार जोडावे लागतील. भाचीने शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाला लहरींपासून पुन्हा वीज करणाऱ्या जाळीचा एक तळहाताएवढा तुकडा बनवायला घेतला आहे. खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाला वीज पाठवून एक बारीक दिवा लावायचा, एवढीच उडी. मी तिला म्हटले, “तुझा दिवा लागेपर्यंत मला फोन करत जा, किती वाया गेली ते दर वेळी लिहून ठेव, आणि आकडा वाईट आला तर तो आधी सांग.” आमच्या विभागात नव्या मुलाला आम्ही पहिल्या दिवशी हेच सांगायचो.